काजळीतले साठ अणू

हायडेलबर्गच्या माक्स प्लांक अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेत १९८२-८३च्या सुमारास दोन भौतिकशास्त्रज्ञ मुद्दाम काजळी पाडत बसले होते. वोल्फगांग क्रेचमर तिथलेच, तर डोनाल्ड हफमन अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातून रजा घेऊन आलेले. ताऱ्यांच्या मधल्या जागेत धूळ असते. ती अतिनील प्रकाशाचा २२० नॅनोमीटरच्या आसपासचा भाग गिळते. ही धूळ कार्बनची असावी, असा दोघांचा अंदाज होता. म्हणून बंद भांड्यात थोडा हेलियम भरायचा, ग्राफाइटच्या दोन कांड्यांमधून जबर वीज सोडायची, जे काळं उडेल ते काचेच्या चकतीवर धरायचं आणि त्यातून प्रकाश सोडून वर्णपट काढायचा, असा त्यांचा उद्योग चालला होता. हेलियमचा दाब वाढवला की कधी कधी वर्णपटातल्या एका उंचवट्याच्या जागी दोन दिसत. त्या नमुन्यांना त्यांनी ‘उंट’ असं नाव दिलं. क्रेचमर यांना वाटलं, पंपाचं तेल किंवा तसलाच काही कचरा मिसळला असणार. उंट बाजूला राहिले.

त्या चकत्यांवर कार्बनचं असं एक रूप जमलं होतं, जे तोवर कुणीच वेगळं काढून पाहिलं नव्हतं. साठ अणूंचा पोकळ, गोल पिंजरा. हिरा आणि ग्राफाइट ही कार्बनची दोन स्फटिकरूपं शतकानुशतकं लोकांच्या वापरात होती, आणि हे तिसरं रूप तर काजळीतच होतं. या रेणूची कथा वाचताना मन सर्वांत जास्त अडतं ते इथेच. तो एकाहून अधिक वेळा माणसांच्या समोर आला, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याच्यापाशी थांबावंसं वाटलं नाही.

कल्पना तर त्याहून जुनी. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स ‘डिडॅलस’ या टोपणनावाने ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये अचाट कल्पनांचं सदर लिहीत. नोव्हेंबर १९६६मध्ये त्यांनी तिथे पोकळ रेणूंचा विचार मांडला: ग्राफाइटचा एक पातळ थर वळवून गोल मिटवता आला तर? १९७०मध्ये जपानच्या एइजी ओसावा यांनी आणखी नेमकं पाऊल टाकलं. कोरॅन्युलीन नावाच्या रेणूत मधल्या पंचकोनाभोवती पाच षट्कोन असतात. हीच नक्षी फुटबॉलवर असते, हे ओसावांच्या ध्यानात आलं. मग अख्खा फुटबॉलच कार्बनचा का असू नये? त्यांनी साठ अणूंचा रेणू सुचवला, पण लिहिलं जपानीत, ‘कागाकु’ या मासिकात. युरोप-अमेरिकेत तो लेख कुणी वाचला नाही. योगायोग असा की त्याच वर्षी मेक्सिकोच्या विश्वचषकात आदिदासचा ‘टेलस्टार’ चेंडू मैदानात उतरला होता. बारा काळे पंचकोन, वीस पांढरे षट्कोन. कोट्यवधी लोकांनी तो आकार टीव्हीवर पाहिला. १९७३मध्ये मॉस्कोत बोचवार आणि गाल्पेर्न यांनी असा रेणू स्थिर राहील असं गणिताने दाखवलं. तेही रशियनमध्येच राहिलं.

१९८४मध्ये तर तो थेट यंत्राच्या कागदावर उमटला. एक्सॉन कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रोलफिंग, कॉक्स आणि कॅल्डोर यांनी लेसरने ग्राफाइटची वाफ केली आणि तयार झालेले अणुगट वजनाप्रमाणे वेगळे केले. चाळीसच्या पुढे फक्त सम संख्येचे गट दिसत होते, आणि साठचं शिखर शेजाऱ्यांहून थोडं उंच होतं. त्यांनी ते प्रसिद्धही केलं. पण सम संख्यांचा उलगडा त्यांनी कार्बनच्या लांब साखळ्यांनी केला, आणि साठपाशी कुणी रेंगाळलं नाही.

रेंगाळणारा माणूस ब्रायटनजवळच्या ससेक्स विद्यापीठात होता. हॅरोल्ड क्रोटो यांचा जन्म १९३९चा. आईवडील बर्लिनहून इंग्लंडला आलेले निर्वासित, मूळ आडनाव क्रोटोशिनर. युद्धानंतर वडिलांनी बोल्टन गावात फुगे बनवण्याचा छोटा कारखाना काढला आणि सुटीत मुलगा तिथे राबला. मेकॅनोचे तुकडे जोडण्यात त्याचं बालपण गेलं आणि पुढे रेखाटनाचं वेडही लागलं. वस्तूच्या आकारावर प्रेम करणारा हा माणूस रसायनशास्त्रात आला तो रेणूंचे सूक्ष्मतरंग वर्णपट वाचायला. १९७०च्या दशकात त्यांनी ससेक्समधले सहकारी डेव्हिड वॉल्टन यांच्यासोबत कार्बनच्या लांब साखळ्यांचे रेणू प्रयोगशाळेत तयार केले आणि कॅनडातल्या ताकेशी ओका व इतर खगोलशास्त्रज्ञांच्या मदतीने अल्गॉन्क्विन वेधशाळेच्या रेडिओ दुर्बिणीतून तेच रेणू आकाशात शोधले. पाच कार्बनची साखळी सापडली, मग सातची, मग नऊची. इतके लांब रेणू त्या विरळ, गार ढगांमध्ये जुळून येतात तरी कसे? क्रोटोंचा तर्क होता की ते ढगात बनतच नसावेत. कार्बनने समृद्ध असलेले म्हातारे लाल तारे आपलं बाहेरचं आवरण अवकाशात सोडतात, तिथल्या उष्ण वाफेत ते जन्मत असावेत. हा तर्क पृथ्वीवर तपासायला ताऱ्याच्या वातावरणाइतकी तापलेली कार्बनची वाफ हवी होती.

१९८४च्या ईस्टरच्या दिवसांत क्रोटो टेक्सासला एका परिषदेसाठी गेले आणि तिथून ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जुने परिचित रॉबर्ट कर्ल यांना भेटले. कर्ल यांनी त्यांना रिचर्ड स्मॉली यांच्याकडे नेलं. स्मॉलींच्या प्रयोगशाळेत ‘एपी-टू’ नावाचं थोरलं यंत्र होतं. त्यात लेसरचा झोत फिरत्या चकतीवर पडे, क्षणात हजारो अंश तापमानाची वाफ उठे, त्याच वेळी हेलियमचा झोत ती उचलून निर्वातात फेके, आणि थंड होत एकत्र आलेले अणुगट किती अणूंचे आहेत हे पुढचा भाग मोजे. तेव्हा तिथे सिलिकॉन आणि धातूंचं काम चालू होतं. क्रोटोंनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, चकतीच्या जागी ग्राफाइट ठेवलं तर ताऱ्याचं वातावरणच मिळेल. स्मॉलींना घाई वाटली नाही. त्यांच्या यादीत सिलिकॉन आणि जर्मेनियमचे अर्धवाहक होते, त्यांना तंत्रज्ञानात मोल होतं. ताऱ्यांच्या साखळ्या वर्षभराहून अधिक काळ थांबल्या.

ऑगस्ट १९८५च्या अखेरीस कर्ल यांचा फोन आला: यंत्र मोकळं झालंय, निकाल पाठवू की तुम्ही येता? क्रोटो तीन-चार दिवसांत ह्यूस्टनला होते. १ सप्टेंबरला प्रयोग सुरू झाले. यंत्राशी प्रत्यक्ष झटत होते ते जेम्स हीथ, शॉन ओब्रायन आणि युआन लिऊ हे विद्यार्थी, आणि क्रोटो त्यांच्याशेजारी बसून होते. साखळ्यांचा प्रश्न फारसा त्रास न देता सुटत गेला. पण कागदावर दुसरंच काहीतरी डोकं वर काढत होतं. साठ अणूंचं शिखर कधी ठळक असे, कधी बेताचं, आणि सत्तरचं छोटं शिखर मागोमाग येई. ४ सप्टेंबरच्या नोंदवहीत ते शिखर नोंदलं गेलं. नंतरच्या शनिवार-रविवारी विद्यार्थ्यांनी हेलियमचा दाब, झोताची वेळ, वाफेला एकमेकांवर आदळायला मिळणारा अवधी हे सगळं बदलून पाहिलं. गटांना रमायला जास्त वेळ दिला की बाकीची शिखरं बसत आणि साठचं शिखर एकटं उभं राहत असे. एक्सॉनच्या कागदावर ज्याची उंची थोडीशीच जास्त होती, ते इथे सगळ्या पटलावर राज्य करू लागलं.

आता प्रश्न आकाराचा. कार्बनच्या अणूला चार हात असतात. सपाट पत्र्याचा तुकडा तुटला की त्याच्या कडेला मोकळे हात राहतात, आणि ते समोर येईल त्याला पकडतात. हा साठचा गट मात्र काहीच पकडत नव्हता. म्हणजे त्याला कडाच नसाव्यात. पृष्ठभाग मिटलेला असावा. हे चौघा-पाचजणांच्या बोलण्यातून हळूहळू वर आलं, आणि नेमकं कोण आधी बोललं यावर पुढे क्रोटो आणि स्मॉली यांच्यात कायमचं वितुष्ट आलं. दोघांनीही आपापली हकिकत लिहिली आणि त्या जुळत नाहीत. इतक्या सुंदर गोष्टीचं श्रेय वाटून घेता न आल्याचं दुःख वाटतं, पण दोन्ही हकिकतींत दोन वस्तू नक्की आहेत. एक, माँट्रियलच्या ‘एक्स्पो ६७’मधला अमेरिकी दालनाचा प्रचंड घुमट, जो क्रोटोंनी स्वतः पाहिला होता. दुसरी, क्रोटोंनी मुलांसाठी घरी जोडलेला पुठ्ठ्याचा तारकागोल, ज्यात षट्कोनांबरोबर पंचकोनही होते. त्याला साठ कोपरे आहेत का, हे विचारायला घरी फोन लावावा असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

९ सप्टेंबरची ती रात्र. हीथ आणि त्यांची पत्नी घरी दात कोरायच्या काड्या आणि रबरासारख्या मऊ गोड गोळ्या घेऊन गोल बसवू पाहत होते. स्मॉलींनी आधी संगणकावर प्रयत्न केला, तो फसला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिवळ्या कागदाचे षट्कोन कापायला घेतले. नुसते षट्कोन जोडले की ते सपाटच बसतात, गोल होत नाहीत. मध्यरात्र उलटली. मग त्यांना क्रोटोंच्या बोलण्यातले पंचकोन आठवले. एक पंचकोन, त्याच्या पाच बाजूंना पाच षट्कोन, आणि कागद आपोआप वाटीसारखा वळला. पुढे नियम पाळत गेले तसा गोळा मिटला. त्यांनी कोपरे मोजले. साठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागदी गोळा स्मॉलींच्या खोलीतल्या टेबलावर पडला. कर्ल सहजासहजी मान डोलावणारे नव्हते. प्रत्येक कार्बनचे चारही हात पुरतात का, हे त्यांना तपासायचं होतं. क्रोटो आणि त्यांनी चिकटपट्टीचे तुकडे लावून दुहेरी बंध दाखवले, आणि हिशेब बरोबर जुळला. मग स्मॉलींनी गणित विभागाचे प्रमुख विल्यम वीच यांना या आकाराचं नाव विचारलं. निरोप आला की हा तर फुटबॉल आहे. मंडळींनी दुकानातून फुटबॉल आणला.

गणिताला हा आकार नवा नव्हताच. ऑयलरच्या सूत्रावरून निघतं की प्रत्येक कोपऱ्यावर तीन कडा येणारा पंचकोन-षट्कोनांचा कोणताही बंद गोळा घ्या, त्यात पंचकोन बरोबर बाराच असतात. षट्कोन मात्र हवे तितके वाढवता येतात. साठ अणूंना ते वीस लागतात, सत्तर अणूंना पंचवीस. आणि साठ हा असा सर्वांत लहान पिंजरा, ज्यात कोणतेही दोन पंचकोन एकमेकांना चिकटत नाहीत. पंचकोन चिकटले की बंधांवर ताण येतो. साठच का, याचं उत्तर इतकं साधं होतं. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या शेवटी लुका पाचोलीच्या ग्रंथासाठी हाच आकार पोकळ, नुसत्या कडांचा काढून ठेवला होता. या रेणूचं ते जवळजवळ हुबेहूब चित्र आहे.

१२ सप्टेंबरला लेख ‘नेचर’कडे रवाना झाला. प्रयोग सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. १४ नोव्हेंबर १९८५च्या अंकात तो आला: दोन पानं, क्रोटो, हीथ, ओब्रायन, कर्ल आणि स्मॉली ही पाच नावं, आणि टेक्सासच्या गवतावर ठेवलेल्या फुटबॉलचा फोटो. शीर्षकात एक भलाथोरला शब्द होता, ‘बकमिन्स्टरफुलरीन’. तो क्रोटोंनी सुचवला होता. माँट्रियलचा घुमट रचणारे रिचर्ड बकमिन्स्टर फुलर दोनच वर्षांपूर्वी, १९८३मध्ये वारले होते. त्यांच्या घुमटांमध्येही पंचकोनांमुळेच जाळीला गोलाई येते. शेवटचा ‘ईन’ बेन्झीन, इथीन यांच्यातला, दुहेरी बंधांची खूण. लेखकांनी लेखातच कबूल केलं की नाव लांबलचक आहे. त्यांनी बॉलीन, स्फेरीन, सॉकरीन, कार्बोसॉकर असे पर्यायही देऊन ठेवले आणि निर्णय रसायनशास्त्रज्ञांवर सोडला. तसं पाहिलं तर जाळीचा असा घुमट फुलर यांच्या बराच आधी, १९२०च्या दशकात जर्मनीतल्या येना इथे झाइस कंपनीच्या वॉल्टर बावर्सफेल्ड यांनी तारांगणासाठी उभारला होता. पण घुमटाचं वेड जगभर नेलं ते फुलर यांनी. लोकांनी निर्णय दिला तोही फुलर यांच्याच बाजूने. एका रेणूसाठी ‘बकीबॉल’ रुळलं, आणि सगळ्या कुळासाठी ‘फुलरीन’. महाराष्ट्रातल्या शाळेच्या विज्ञानपुस्तकांतही हिरा आणि ग्राफाइटच्या खालोखाल कार्बनचं स्फटिकरूप म्हणून हाच शब्द आहे.

पण १९८५मध्ये त्यांच्या हाती होतं काय? यंत्रातून क्षणभर उडालेले अदृश्य गट आणि कागदावरचं शिखर. बाटलीत काही नाही. अनेक रसायनशास्त्रज्ञांना हे पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचं चुकलंही नाही. पुढची पाच वर्षं अप्रत्यक्ष पुरावे गोळा करण्यात गेली. हीथ यांनी लँथनमचा एक अणू पिंजऱ्यात कोंडला. क्रोटोंनी कोणते पिंजरे टिकाऊ ठरतील याचं गणित मांडलं. स्मॉली म्हणत त्याप्रमाणे, एक चिमूटभर पदार्थ मिळाला असता तर एका दिवसात सगळं सिद्ध झालं असतं.

ती चिमूट हायडेलबर्गला होती.

‘नेचर’मधला लेख वाचल्यावर हफमन यांच्या मनात ते उंट पुन्हा उठले. क्रेचमर यांना खात्री वाटायला जरा वेळ लागला. पुन्हा तीच भांडी, तोच हेलियम. या वेळी अवरक्त वर्णपट काढला. हा रेणू इतका सममित आहे की त्याच्या अनेक स्पंदनांपैकी फक्त चारच अवरक्त प्रकाश शोषू शकतात, असं सिद्धांत सांगत होता. काजळीत चार रेषा होत्या. १९८९मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. नंतर कार्बन-१३ या जड समस्थानिकाची काजळी केली, तेव्हा चारही रेषा जितक्या सरकायला हव्या तितक्याच सरकल्या. तेलाचा कचरा असता तर असं झालं नसतं.

ससेक्समध्ये क्रोटोंच्या गटानेही वीजज्योतीची तीच रीत वापरली. जोनाथन हेअर या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९०च्या सुरुवातीला काजळी बेन्झीनमध्ये टाकून ठेवली, आणि बाटलीत लाल रंग उतरला. कोळशाच्या काळ्या चुऱ्यातून रंग सुटावा, हेच नवल. पण त्याच आठवड्यात ‘नेचर’ने क्रोटोंकडे एक लेख परीक्षणाला पाठवला. क्रेचमर, लॅम्ब, फोस्तिरोपोलोस आणि हफमन यांचा. त्यांनी बेन्झीनमधून साठ अणूंच्या रेणूचे स्फटिक काढले होते, फोटोसकट. पाच वर्षं ज्याचा ध्यास घेतला ते दुसऱ्यांच्या लेखात समोर ठेवलेलं, आणि निकाल आपल्याच हाती. क्रोटोंनी तो लेख लगेच छापावा असा अभिप्राय दिला. २७ सप्टेंबर १९९०ला तो आला.

ससेक्सच्या वाट्याला तरीही एक मौल्यवान गोष्ट उरली होती. रॉजर टेलर यांनी लाल द्रवातले दोन पदार्थ स्तंभातून वेगळे केले: साठ अणूंचा जांभळट, सत्तर अणूंचा मद्यासारखा लाल. मग चुंबकीय अनुस्पंदनाची चाचणी. पिंजरा खरोखर फुटबॉलसारखा असेल तर साठही कार्बन एकमेकांसारखेच, कुणाची जागा वेगळी नाही. म्हणजे एकच रेषा दिसायला हवी. एकच दिसली. सत्तरच्या लांबट पिंजऱ्यात पाच प्रकारच्या जागा आहेत. तिथे पाच दिसल्या. १९८५च्या कागदी गोळ्यावरचा शेवटचा संशय तिथे संपला.

आता कोणतीही बऱ्यापैकी प्रयोगशाळा हा पदार्थ करू शकत होती, आणि केलाही. १९९१मध्ये बेल प्रयोगशाळेने पोटॅशियम मिसळून तो १८ केल्व्हिनला अतिवाहक केला. त्याच वर्षी जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नळ्यांचं वर्णन केलं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जय पाल मित्तल आणि सहकाऱ्यांनी सी. एन. आर. राव यांच्यासोबत दोन्ही फुलरीनचं प्रकाशातलं वर्तन मोजून १९९२मध्ये प्रसिद्ध केलं. डिसेंबर १९९१मध्ये तर ब्रिटिश लॉर्ड्स सभागृहात या रेणूवर प्रश्नोत्तरं झाली. तो प्राणी, वनस्पती की खनिज, त्याचा आकार रग्बीच्या चेंडूचा की फुटबॉलचा, आणि तो करतो तरी काय, असं सदस्यांनी विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मंत्र्यांनी विजेऱ्या, वंगण, अर्धवाहक अशी यादी दिली. त्या यादीतलं फारसं प्रत्यक्षात उतरलं नाही. फुलरीनचा सर्वांत ठोस उपयोग झाला तो सेंद्रिय सौरघटांमध्ये, इलेक्ट्रॉन झेलणारा पदार्थ म्हणून. एखाद्या शोधाची किंमत अशा यादीवरून ठरवली असती तर १९८५मध्ये स्मॉलींच्या यंत्रात ग्राफाइट कधी गेलंच नसतं.

१९९६चं रसायनशास्त्राचं नोबेल कर्ल, क्रोटो आणि स्मॉली यांना मिळालं. नियम तिघांचा. यंत्रापाशी रात्री काढणारे हीथ आणि ओब्रायन बाहेर राहिले, आणि पदार्थ प्रत्यक्ष हातात देणारे क्रेचमर आणि हफमनही. शोध पिंजऱ्याच्या कल्पनेचा मानला तर निवड समजते. तरीही १९९०च्या त्या स्फटिकांशिवाय ती कल्पना किती काळ वादात अडकली असती, हे सांगता येत नाही.

आणि तारे? क्रोटोंना ह्यूस्टनला नेलं होतं त्यांनी, पण १९८५नंतर पंचवीस वर्षं आकाशात या रेणूची पक्की खूण मिळाली नव्हती. २०१०मध्ये यान कामी आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या नोंदी तपासल्या. टीसी-१ नावाच्या ग्रहीय तेजोमेघात, म्हणजे आवरण टाकून दिलेल्या म्हाताऱ्या ताऱ्याभोवतीच्या वायूत, अवरक्त रेषा होत्या. साठच्या चार, आणि शेजारी सत्तरच्याही. कार्बनने समृद्ध ताऱ्यांच्या वाफेत मोठे रेणू जन्मत असावेत, हा क्रोटोंचा तर्क होता. तो आता प्रत्यक्ष दिसला, आणि तो पाहायला क्रोटो हयात होते.

राहिली ताऱ्यांमधली जागा. ताऱ्यांच्या प्रकाशात अंतराळातल्या अनोळखी पदार्थांनी पाडलेल्या फिकट पट्ट्या १९२२मध्ये मेरी ली हेगर यांनी लिक वेधशाळेतून नोंदवल्या होत्या. पुढे अशा चारशेहून अधिक पट्ट्या सापडल्या आणि त्यातली एकही कुणाची हे कळत नव्हतं. १९९४मध्ये फोआँ आणि एरेनफ्रॉइंड यांनी त्यातल्या दोन एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या सी-६०च्या, म्हणजे याच साठ अणूंच्या रेणूच्या आयनाच्या, असाव्यात असं सुचवलं. ते तपासायला तो आयन अवकाशाइतका थंड करून त्याचा वर्णपट घ्यावा लागणार होता. बाझेलमध्ये जॉन मायर यांच्या गटाने ते करायला वीसहून अधिक वर्षं घेतली. शेवटी सहा केल्व्हिनच्या आसपास थंडीत, हेलियमचा एक अणू चिकटवून, त्यांनी ते मोजलं. ९६३२ आणि ९५७७ ऑंगस्ट्रॉम. आकाशातल्या पट्ट्याही तिथेच होत्या. हा निकाल जुलै २०१५मध्ये ‘नेचर’ने छापला. स्मॉली २००५मध्ये कर्करोगाने गेले होते. क्रोटो एप्रिल २०१६मध्ये गेले, कर्ल २०२२मध्ये. पुढे हबल दुर्बिणीने त्याच आयनाच्या आणखी पट्ट्यांना दुजोरा दिला. उरलेल्या शेकडो पट्ट्यांचे मालक अजून ओळखायचे आहेत.